दुसऱ्या हॉलचा अभिप्राय

एक

"हे तुझं नाही. शब्द दुसऱ्याचे आहेत, ऐकणाऱ्याला लगेच कळतं. पुन्हा असं स्टेजवर उभं राहू नकोस. उतर खाली."

परिषदेच्या दुसऱ्या दिवशी सकाळी चहाच्या रांगेसमोरच्या भल्यामोठ्या पडद्यावर ही वाक्यं झळकली आणि रांग पुढे सरकायची थांबली. श्रोत्यांनी ॲपमधून पाठवलेले आदल्या दिवशीचे अभिप्राय त्या पडद्यावर एकामागून एक येत होते. या अभिप्रायाच्या वर चिमणीच्या भाषणाचं नाव होतं. खाली लिहिणाऱ्याचं नाव नव्हतं. नाव न देण्याची सोय ॲपमध्ये मुद्दाम ठेवलेली होती.

चिमणी रांगेतच उभी होती. आवाज बारीक, म्हणून सगळे तिला चिमणी म्हणतात. वयाने आमच्यात सगळ्यात लहान, आणि परिषदेत बोलायची तिची ही पहिलीच वेळ. तिने पडद्याकडे पाहिलं, हातातला रिकामा कप होता तिथेच ठेवला आणि कुणाच्याही नजरेला नजर न देता बाहेर गेली. दुपारपर्यंत 'भाषण चोरीचं होतं म्हणे' हे वाक्य तिन्ही हॉलमध्ये पोहोचलं, आणि त्यातलं 'म्हणे' वाटेत कुठेतरी गळून पडलं.

मी सॉफ्टवेअरसोबत येणाऱ्या माहितीपुस्तिका लिहितो. त्या कुणी वाचत नाही, त्यामुळे मला बघायला आणि चिडायला भरपूर वेळ असतो. त्या सकाळी मी मनापासून चिडलो. आमच्या जुन्या बैठकींत असं झालं असतं का, हा प्रश्न काही केल्या डोक्यातून जाईना.

सायकल दुरुस्तीच्या दुकानावर एक खोली होती. महिन्यातून एकदा आम्ही प्रोग्रॅम लिहिणारे तिथे जमायचो. खुर्च्या चार घरांतून आणलेल्या, एकीची उंची दुसरीला जुळायची नाही. बोलणारा खुर्च्यांच्या मधोमध उभा राहायचा आणि खालून हातोडीचे ठोके आले की थांबायचा. पहिल्या बैठकीला आम्ही 'शून्यावी बैठक' म्हणायचो, कारण आमच्या धंद्यात मोजणी शून्यापासून सुरू होते, आणि बाहेरच्या कुणाला तो विनोद कळायचा नाही याचाच आम्हाला जास्त आनंद व्हायचा. ती सुरू केली दोघांनी, दादाने आणि मास्तरांनी. वाद संपायचे नाहीत, म्हणून एकमेकांना बसस्टॉपपर्यंत सोडायला जायचो आणि तिथे उभं राहून बस सोडायचो. मला त्या खोलीची आठवण येते, आणि ती येते हे सांगायला मला लाज वाटत नाही.

पुढे दादाची कंपनी मोठी झाली आणि त्याला मोठी परिषद हवीशी वाटू लागली. "त्या खोलीत चाळीस माणसं मावतात. चाळीस माणसांनी काय होतंय?" असं तो म्हणाला होता. मास्तर म्हणाले होते, "चाळीस माणसांना एकमेकांची नावं पाठ होतात. एकच मोठी जत्रा भरवण्यापेक्षा गावोगावी अशा खोल्या काढू." त्यानंतर दोघांचं बोलणं कमी होत गेलं. परिषद झाली, खोली सुटली.

आणि आता दादाने मला आतल्या खोलीत बोलावून घेतलं होतं.

"संध्याकाळी समारोप आहे," तो म्हणाला. "तोपर्यंत उलगडा झाला तर ठीक. नाहीतर तिचं भाषण रद्द धरलंय असं मी स्टेजवरून जाहीर करणार. सोमवारी ती माझ्याकडे रुजू होणार होती. तूर्त येऊ नकोस, असा निरोप मी पाठवलाय."

"अरे, तिने आधीची नोकरी सोडलीय!"

"मला माहीत आहे. पण पडदा सगळ्यांनी पाहिला. उद्या लोक म्हणतील, इथे चोरीची भाषणं चालतात."

मी तिथून निघालो तो थेट शंकाबाईंकडे गेलो.

दोन

शंकाबाई टेस्टर आहेत. दुसऱ्यांनी लिहिलेल्या प्रोग्रॅममधल्या चुका शोधण्यात त्यांचं आयुष्य गेलं. कुणी 'हे बिघडलंय' म्हटलं की त्या एकच सांगतात, "परत घडवून दाखवा." अशा बाईंना नवरा कसा मिळाला, असं आम्ही खोलीत गमतीने विचारायचो. "त्यांनी दोनदा मागणी घातली," असं उत्तर त्यांनीच दिलं होतं.

"तिच्यावर कोणाचा राग?" त्यांनी विचारलं.

"दोघंतिघं सांगता येतील."

"तुम्ही तिचं भाषण ऐकलंत?"

"ऐकलं. त्याच वेळी पहिल्या हॉलमध्ये दादाचं भाषण होतं. त्याचं पाच मिनिटं ऐकलं आणि दुसऱ्या हॉलमध्ये सटकलो. तिथला एसी बंद पडलेला. माहितीपत्रकांनी वारा घेत सगळं ऐकलं. पुढच्या रांगेतल्याचे पाय तिच्या टेबलाला लागत होते, आणि बिचारी खाली बघून बघून बोलत होती. पण नेट गेलं तरी भरलेली माहिती कशी वाचवायची, यावर काय सुंदर बोलली!"

शंकाबाईंनी मोबाइलवर तिच्या भाषणाचे सगळे अभिप्राय उघडले. त्या जहरी चार वाक्यांखेरीज आणखी काही होते. एकाने लिहिलं होतं, 'एसी कमी करा, गारठलो.' दुसऱ्याने लिहिलं होतं, 'मागच्या रांगेपर्यंत आवाज खणखणीत.' त्यांनी ते दोनदा वाचले. मी एकदाच वाचले, आणि सांगायला वाईट वाटतं, मला त्यात काहीच दिसलं नाही.

आधी आम्ही भोंग्याला गाठलं. भोंगा हा आमचा डेटाबेसवाला. हळू बोलणं त्याला जमत नाही. कानात सांगायला लागला तर शेजारच्या टेबलाला कळतं. दुसरा हॉल त्याला मिळणार होता, पण ऐन वेळी तो चिमणीला दिला गेला आणि त्याची पाठवणी झाली स्वयंपाकघराशेजारच्या तिसऱ्या हॉलमध्ये.

"राग आला होता!" तो गरजला. तीन टेबलं वळून बघू लागली. "पण काल हे वाचलं आणि राग पळाला. ऐका. 'आवाज नाजूक आहे, पण इतकं सोपं करून सांगणारं आजवर कुणी भेटलं नव्हतं.' नाजूक! बायकोला पाठवलं, तर ती विचारते, नक्की तुझ्याबद्दलच का?"

"मग तुम्ही काय सांगितलंत?" शंकाबाईंनी विचारलं.

"सांगायचं काय? माझ्या भाषणाखाली आलंय म्हणजे माझंच!"

दुसरा संशय होता चिमणीच्या जुन्या साहेबावर. ती नोकरी सोडून दादाकडे चालली होती, त्यामुळे त्याचं बिनसलं असणार, हा माझा अंदाज. तो एका कोपऱ्यात बिस्किटं खात बसला होता. आम्ही विचारल्यावर त्याने बिस्किट खाली ठेवलं.

"चोरीचं? छे हो! ते तिचंच आहे. माझ्याइतकी खात्री कुणालाच नसेल. दोन वर्षं ती ते माझ्यासमोर आणत होती आणि दोन वर्षं मी नाही म्हणत होतो."

मला हसू आलं, पण हसण्यासारखं काही नव्हतं. मी धावत जाऊन हे दादाला सांगितलं. त्याने मान हलवली.

"एक म्हणतो तिचं, एक म्हणतो नाही. खासगीत झालेलं बोलणं पडद्यावरचं पुसत नाही. ते लिहिलं कोणी, हे मला सांग."

परत आलो तर शंकाबाई खिडकीतून बाहेर बघत होत्या. हिरवळीवरच्या बाकावर मास्तर एकटे बसले होते.

"यांना कालपासून आत पाहिलंय कुणी?" त्या म्हणाल्या.

तीन

मास्तर आता थकले आहेत. केस सगळे पांढरे झालेत, पण बसण्याची ढब तीच. हात गुडघ्यावर, मान किंचित पुढे. कुणी बोलत असलं की त्याला वाटावं, जगात आपल्याखेरीज कुणी नाही. खोलीत ते मधेच हात वर करून म्हणायचे, "थांब, हे मला कळलं नाही." आणि ते ज्याला म्हणाले त्याला अपमान न वाटता उलट बरं वाटायचं. ते कसं साधायचे, मला अजून कळलेलं नाही.

"या, बसा," ते म्हणाले. "आत फार गलका आहे. काल एक भाषण ऐकलं आणि बाहेर येऊन बसलो. आजही इथेच आहे."

"ॲपमधून काही अभिप्राय पाठवलात?" शंकाबाईंनी सहज विचारल्यासारखं विचारलं.

"एक पाठवला. जड गेलं लिहायला. पण ज्याला पाठवला त्याचं उत्तर नाही. पोहोचला असता तर आतापर्यंत भांडायला तरी आला असता."

मास्तर? त्या पोरीला? मी तोंड उघडलं, पण शंकाबाईंनी माझ्या मनगटावर बोट ठेवलं.

"काय लिहिलंत, विचारू का?"

"नको. ते त्याच्यात आणि माझ्यात."

आम्ही उठलो. हिरवळ ओलांडताच मी फुटलोच. "कबूल केलं त्यांनी! मोठ्या परिषदेचा राग त्या पोरीवर काढला. आणि ज्यांना आम्ही इतकी वर्षं..."

"ते 'त्याला' म्हणाले," शंकाबाई म्हणाल्या.

"बोलण्यात सरसकट तसंच येतं. कोणाचं नाव घ्यायचं नसलं की आपण सगळेच तसं म्हणतो."

"म्हणतो. म्हणून त्यावर मी काही बांधत नाही. चला, मला तिचा हॉल दाखवा."

दुसरा हॉल रिकामा होता. एसी अजून बंदच. पुढे एक टेबल, त्यावर पाण्याची बाटली, समोर खुर्च्यांच्या रांगा. शंकाबाई टेबलामागे जाऊन उभ्या राहिल्या, आपल्या पायांकडे बघितलं, मग माझ्या पायांकडे बघितलं.

"ही पोर इथे उभी होती?"

"हो."

"तिला 'स्टेजवरून उतर' म्हणणारा माणूस तिला कुठे उतरायला सांगत होता?"

मी खाली बघितलं. सगळ्या हॉलभर एकच सपाट फरशी होती. स्टेज नव्हतंच.

चार

समारोपाला थोडाच वेळ उरला होता. आतल्या खोलीत दादा भाषणाचे कागद चाळत होता. शंकाबाईंनी भोंग्याला बोलावलं होतं. मास्तरांना मी हाताला धरून आणलं. ते आणि दादा एकमेकांना बघून फक्त माना हलवण्यापुरते भेटले.

"कोणी लिहिलं?" दादाने विचारलं.

"आधी कुठे लिहिलं ते बघू," शंकाबाई म्हणाल्या. "दुसऱ्या हॉलमध्ये एसी बंद होता. तिच्या भाषणाखाली मात्र 'गारठलो' असा अभिप्राय. तिचा आवाज बारीक, आणि खाली लिहिलंय 'खणखणीत'. तिथे स्टेज नाही, तरी कुणीतरी तिला स्टेजवरून उतरवतंय. एक गोष्ट चुकली असती तर मी सोडून दिली असती. तीन आहेत. हे लिहिणारे दुसऱ्या हॉलमध्ये नव्हतेच."

"मग तिचे अभिप्राय गेले कुठे?" मी विचारलं.

"नाजूक आवाजाचा माणूस इथे कोण बसलाय?"

भोंग्याचा चेहरा पडला. "म्हणजे ते... माझं नाही?" तो म्हणाला, आणि आयुष्यात पहिल्यांदा खरोखरच नाजूक आवाजात म्हणाला.

"कौतुक कुणी तपासून घेत नाही," शंकाबाई म्हणाल्या. "म्हणून काल दिवसभर कुणाच्या लक्षात आलं नाही. दादा, तुम्हाला किती अभिप्राय आले?"

"एकही नाही. पूर्ण भरलेला हॉल, आणि एक तक्रार नाही," दादा अभिमानाने म्हणाला.

"तक्रार नाही, आणि कौतुकही नाही? भरलेला हॉल इतका गप्प कसा? आता मोबाइल काढा. अभिप्राय पाठवताना आपण ज्या हॉलमध्ये बसलो त्याच्या दारावरचा आकडा टाकायचा. तुमच्या दारावर एक आहे. कालची तुमच्या भाषणाची वेळ निवडा. एक टाका. काहीही लिहा आणि पाठवा."

दादाने 'चाचणी' असं लिहून पाठवलं. आम्ही सगळे दाराशी गेलो आणि बाहेरच्या पडद्याकडे बघत उभे राहिलो. दोन अभिप्राय येऊन गेले. मग तो शब्द उगवला.

वर नाव होतं चिमणीच्या भाषणाचं.

"झालं परत घडवून," शंकाबाई म्हणाल्या. "हे ॲप तुमच्याच कंपनीत झालं. लिहिणाऱ्याने हॉलची यादी आपल्या सवयीने शून्यापासून धरली. दारावरच्या पाट्या रंगवणारा साध्या माणसांसारखा एकपासून मोजतो. दारावरचा एक म्हणजे ॲपच्या हिशेबात शून्यानंतरचा, म्हणजे दुसरा हॉल. पहिल्या हॉलचं सगळं चिमणीच्या नावावर गेलं, चिमणीचं भोंग्याच्या नावावर, आणि तिसऱ्या हॉलचं कुठेच नाही, कारण तो आकडा ॲपला माहीतच नाही. शून्य कोणी टाकलं नाही, म्हणून तुमची पाटी कोरी."

भोंगा खो खो हसायला लागला. मीही हसणार होतो. मग माझ्या लक्षात आलं की दादा हसत नाहीये. त्याच्या चेहऱ्यावरचा रंग हळूहळू उतरत होता.

"म्हणजे ते चार ओळींचं..." तो म्हणाला.

"तुम्हाला होतं," शंकाबाई म्हणाल्या. "आणि त्यात 'तू' आहे. या परिषदेत तुम्हाला तू म्हणणारी माणसं दोनच. हे पुस्तिकावाले त्या वेळी दुसऱ्या हॉलमध्ये वारा घेत बसले होते."

कुणी मास्तरांकडे बघितलं नाही. बघायची गरजच नव्हती.

"वाचून दाखव रे मला," मास्तर मला म्हणाले. "काय लागलंय त्या पडद्यावर?"

मी वाचून दाखवलं, आणि ते कोणाच्या नावाखाली लागलं आणि त्यावरून काय काय झालं तेही सांगितलं. त्यांनी माझा हात धरला. "अरे देवा. त्या लेकराला वाटलं ते तिला आहे?"

दादा खुर्चीत बसला. माझ्या डोळ्यांपुढे कालची ती पाच मिनिटं आली. स्टेजवर समोर लावलेल्या काचेवर उमटणारी वाक्यं दादा बघून बघून वाचत होता. कंपनीच्या जाहिरातवाल्यांनी लिहिलेली, गुळगुळीत. कधीकाळी हाच माणूस खोलीत हातवारे करत बोलताना खुर्ची पाडायचा.

"हे तोंडावर सांगायचं होतंत," दादा अगदी हळू म्हणाला. "नाव न देता, ॲपमधून? तुम्ही?"

"भेट मागितली होती तुझ्या ऑफिसात. तीनदा," मास्तर म्हणाले. "तुला वेळ नव्हता. ॲपला होता. नाव लिहायला हवं होतं, ते माझं चुकलं. पण मला वाटलं, तू वाक्यावरून ओळखशील."

पाच

चिमणी मागच्या दाराबाहेरच्या पायऱ्यांवर सापडली. बॅग भरून, टॅक्सीची वाट बघत. दादा पुढे, आम्ही मागे. दादाने तिला सगळं समजावलं. शून्य, एक, दारावरच्या पाट्या, यादी. समजावण्यात तो पहिल्यापासून पटाईत. शेवटी म्हणाला, "चूक ॲपची होती. आत्ता समारोपात मी जाहीर करतो. सोमवारी तू ये."

तिने सगळं ऐकून घेतलं.

"चूक ॲपची होती," ती म्हणाली. "पण सकाळी मी ज्या टेबलाशी बसले तिथून लोक उठून गेले, ते ॲपने उठवले नव्हते. सोमवारी येऊ नकोस हा निरोपही ॲपने पाठवला नाही."

दादा हातातले भाषणाचे कागद दुमडू लागला.

"मला सकाळपासून एकाही माणसाने येऊन विचारलं नाही की, बाई गं, हे तुझं आहे का? मी इथेच होते. दिवसभर इथेच बसले होते."

मला तोंडात मारल्यासारखं झालं. मी तिच्या जुन्या साहेबाकडे गेलो होतो, भोंग्याकडे गेलो होतो, दादाकडे धावलो होतो. शंकाबाईंनी मान खाली घातली. जिने हे लिहिलेलंच नाही तिला काय विचारायचं, असं त्यांना वाटलं असणार, आणि शोध लावायच्या दृष्टीने ते बरोबरही होतं. पण त्या सायकलवाल्याच्या माडीवर असतो तर कुणीतरी नुसतं खुर्ची ओढून तिच्याशेजारी जाऊन बसलं असतं. आम्ही तीच माणसं होतो. एवढ्या मोठ्या इमारतीत येऊन आम्ही ते विसरलो होतो.

मास्तर पायरीवर बसले. कष्टाने, एक हात कठड्याला धरून. "मी तुझं भाषण ऐकलंच नाही, बाळ," ते म्हणाले. "याचंच ऐकत बसलो होतो."

आतून माइकवरचा आवाज आला. समारोप सुरू करायचा होता आणि दादाला स्टेजवर यायची विनंती होत होती. दादाने दाराकडे बघितलं. त्याच्या खिशातला मोबाइल वाजायला लागला.

"विचारायला हवं होतं," तो म्हणाला. "सगळ्यात आधी मी विचारायला हवं होतं. आता विचारतो. तुला हे सुचलं कसं?"

"वेळ आहे तुम्हाला?" चिमणीने विचारलं.

खवचटपणे नाही विचारलं तिने. तिला खरंच जाणून घ्यायचं होतं, आणि म्हणूनच ते दादाला लागलं असावं. त्याने वाजणारा मोबाइल काढून बंद केला आणि मास्तरांच्या खालच्या पायरीवर, त्या महागड्या कपड्यांनिशी, बसला. भोंगा बसला. शंकाबाई आणि मी कठड्याला टेकलो.

टॅक्सी आली. चिमणीने ड्रायव्हरला हाताने थांबायची खूण केली.

"आमच्या आईचं शिवणाचं दुकान आहे," तिने सुरुवात केली. "तिथे नेटचा सिग्नल सारखा जायचा, आणि मोबाइलमध्ये गिऱ्हाइकाचं माप भरता भरता पुसलं जायचं. ती रडकुंडीला यायची. मला वाटलं, सिग्नल जाईना का, माप का जावं?"

आतून दादाला पुन्हा बोलावणं आलं. या वेळी आवाज जरा कावलेला होता.

"थांब," दादा म्हणाला. "हे मला कळलं नाही. माप पुसलं जायचं म्हणजे नेमकं काय व्हायचं?"

मास्तरांनी एकदा त्याच्याकडे बघितलं आणि मान पुन्हा तिच्याकडे वळवली. चिमणी दोन पायऱ्या खाली आली आणि त्याला समजावून सांगू लागली.